लालबागचा ओटा, सगळ्या बाजूंनी

मुंबईहून परत आल्यापासून कुडाळात जो भेटेल तो विचारतो, काय काय बघितलंस? मी समुद्र बघितला नाही, मॉल बघितला नाही, सिद्धिविनायकाला प्रभादेवीपर्यंतही गेले नाही. मी लालबागमधल्या एका चाळीच्या चौकातला दगडी ओटा बघितला. उभ्याने बघितला, ओणवी होऊन बघितला, पायरीशी पालथी पडून बघितला. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. त्यांनी मुंबईला जाऊन जे बघितलं ते अजून तिथेच आहे. मी जे बघितलं ते कोणीतरी कागदावरून पुसून टाकलं होतं, आणि ते परत जागेवर आणायला मी गेले होते.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टीत सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरच्या, कातळशिल्पांची मॉडेल्स बनवते. ही मॉडेल्स मातीची नसतात, संगणकातली असतात. पडद्यावर बोटाने फिरवली की दगडाच्या सगळ्या बाजू दिसतात. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, साधा फोन पुरतो. एक डोळा मिटून समोर धरलेलं बोट बघा, मग दुसरा मिटून बघा. बोट सरकल्यासारखं वाटतं ना? जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. वस्तूभोवती फिरत फिरत भरपूर फोटो काढले, की संगणक एकच खड्डा, एकच डाग वेगवेगळ्या फोटोंत ओळखतो आणि तो किती सरकला यावरून नेमका कुठे आहे ते ठरवतो. असे लाखो ठिपके बसवले की दगड उभा राहतो. एवढंच शास्त्र आहे. बाकी सगळी चिकाटी.

लालबागला माझी सुलभामावशी राहते. तिची चाळ पाडून टॉवर होणार आहे. करारात एक ओळ आहे, की आज चाळीत जे जे सामाईक आहे ते ते नव्या इमारतीत मिळेल. आता चौकातला ओटा सामाईक नाही तर काय? त्यावर गणपती बसतो, लग्नाचे अहेर होतात, आणि दर शनिवारी संध्याकाळी मावशीचं महिला भजनी मंडळ बसतं. पण बिल्डरची माणसं मोजणीला आली त्या दिवशी गच्चीची दुरुस्ती चालली होती आणि फुटक्या लाद्यांचा ढीग ओट्यावर टाकलेला होता. त्यांनी नकाशात त्या जागी लिहिलं, राडारोडा. चाळकऱ्यांनी फोटो दाखवले. बिल्डरचा इंजिनियर म्हणाला, फोटोत अँगलने काहीही दिसतं. रविवारी शेवटची मीटिंग होती आणि त्याच नकाशावर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या.

मावशीने फोनवर मला एवढंच सांगितलं, "बाय माझे, फोटोक एकच बाजू आसता. तू सगळ्यो बाजू घेवन ये."

लालबाग, गुरुवार

लालबागेत शिरलं की आधी मसाल्याच्या गिरणीचा वास नाकात जातो आणि दोन शिंका येतात. आमच्याकडे दुपारी जेवणानंतर दारं लोटून घेतात, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. इथे दारं लोटणं म्हणजे घरात कोणीतरी आजारी आहे अशी समजूत. मी बॅग घेऊन जिन्याशी पोचेपर्यंत मी कोण, कोणाकडे, जेवून आले की जेवायची आहे, हे चार गॅलऱ्यांना कळलं होतं.

मग मी चौकात वळले आणि ओटा बघितला. तो पांढराशुभ्र होता. ऑईलपेंट मारलेला, दुधाच्या पातेल्यासारखा चकचकीत. पायऱ्यांच्या कडाही गुळगुळीत. समोर दोरी बांधून त्यावर पुठ्ठा लटकवला होता, ओला रंग, हात लावू नये. बाजूला चाळीचे सेक्रेटरी सावंतकाका बनियनवर, कानाच्या पाळीलासुद्धा पांढरा ठिपका, असे कमरेवर हात ठेवून उभे होते. काका पूर्वी मिलमध्ये होते, मग बंद पडल्यावर रंगकामात गेले. ही सगळी कारागिरी त्यांचीच होती.

"मॅडम, दोन हात मारलेत. एकदम फर्स्टक्लास. आता काढा तुमचे फोटो, काय भारी येतील बघा!"

मी बॅग तिथेच आपटली. मला ओरडायचं होतं आणि मी ओरडलेच. "कोणी सांगितलं होतं रंगवायला?"

काकांचा चेहरा उतरला. "अवो, तुम्ही एवढ्या लांबून येणार. आमचा ओटा तसाच कळकट दाखवायचा काय तुम्हाला?"

हे फक्त लालबागेतच होऊ शकतं. फोटोवाली येणार म्हटल्यावर आख्ख्या चाळीने वर्गणी न मागता ब्रश धरला होता. कोणी पायऱ्या घासल्या, कोणी भेगा पुट्टी भरून बुजवल्या. पाहुणीसाठी ओटा नटवला आणि माझ्या कामाला नेमकं जे हवं तेच पुसलं. डाग, खवले, पोपडे, भेगा, यांच्यावरच तर संगणक जागा ओळखतो. कोरी पांढरी भिंत त्याला दिसतच नाही. त्यात चमकणारी असेल तर आणखी वाईट, कारण आपण सरकलो की चमकही सरकते आणि त्याला वाटतं वस्तूच पळते आहे. आमचा जांभा दगड बिचारा भोकाभोकांचा असतो, त्याचं मॉडेल आंधळ्यानेही करावं. इथे मला मलईचा गोळा दिला होता.

मावशीने मला वर नेलं आणि बांगड्याचं तिखलं वाढलं. मी म्हटलं, बांगडा आमच्याकडच्यासारखा ताजा नाही. ती म्हणाली, "तुझो राग ताजो आसा, ताच पुरे. जेव गुमान."

लालबाग, शुक्रवार सकाळ

तरीही मी प्रयत्न केला. सकाळचं ऊन चौकात उतरायच्या आत ओट्याभोवती फेऱ्या घालायला सुरुवात केली. एक पाऊल, एक फोटो, पुन्हा पाऊल. आधीच्या फोटोतला बराचसा भाग पुढच्या फोटोत यायला हवा, आणि समोरचं काही हलायला नको. चाळीत काही हलू नये म्हणणं सोपं आहे का? दोरीवरचे कपडे हलत होते, ते आत घेतले. पोरं गॅलरीच्या कठड्याला लागून माना बाहेर काढून उभी होती, त्यांना मी स्टॅच्यू म्हटलं. मोठी माणसं जास्त मनापासून स्टॅच्यू झाली. एक आजोबा हातात दुधाची पिशवी घेऊन मधल्या जिन्यावर थांबले होते, ते माझं आटपल्यावर हळूच म्हणाले, "आता हलू काय?"

लॅपटॉप तव्यासारखा तापला. दुपारपर्यंत मॉडेल तयार झालं आणि खोलीत जमेल तेवढी चाळ जमली. मागची भिंत अप्रतिम आली होती. पानाच्या पिचकाऱ्या, गंजलेला नळ, वायरींचे गुंतवळे, मांजरीच्या दुधाची वाटीसुद्धा. आणि मधे, ओट्याच्या जागी, एक भोक. भोकाच्या कडेला डोशाच्या पिठासारखं काहीतरी ओघळलेलं.

 मग मावशी म्हणाली, "म्हणजे तुझ्या कंप्युटराकपण आमचो ओटो दिसना नाय?"

बिल्डरच्या माणसाने ओटा नाही म्हटलं तेव्हा मावशीला राग आला होता. माझ्या पडद्यावर तो नाही म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःच्या हुशारीची लाज वाटली.

गिरगाव आणि दादर, शुक्रवार दुपार

मावशी म्हणाली, चल, जरा बाहेर जाऊ. तिची मैत्रीण वत्सलाताई गिरगावात राहते, एका जुन्या चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये. दोघी लग्न होऊन मुंबईत आल्या तेव्हापासून एकत्र भजन करत. आम्ही गेलो तर गेटवर नाव, गाव, फोन नंबर, आणि फोटो. फोटो काढून घेताना मी त्या वॉचमनला म्हटलं, एकाच बाजूचा पुरेल का? त्याला विनोद कळला नाही.

वत्सलाताईंचं घर सुंदर आहे. बाथरूम घरातच आहे, लिफ्ट आहे, गुडघे दुखतात तेव्हा लिफ्टची किंमत कळते असं त्या म्हणाल्या आणि ते खरंच आहे. मी टॉवरच्या विरुद्ध नाही. ज्यांनी आयुष्यभर सामाईक संडासाच्या रांगा धरल्या त्यांना चाळीचं कौतुक ऐकवणाऱ्यांचा मला वैताग येतो. साबुदाण्याचे वडे खाऊन झाल्यावर मावशीने विचारलं, "भजन खंय करतंस आता?"

"नाही गं करत." वत्सलाताई शोकेसकडे बघत होत्या. त्यात काचेमागे त्यांच्या झांजा होत्या, लाल फडक्यात. "खाली हॉल आहे. पण अर्ज करायचा, मग कमिटी ठरवणार. दोनदा दिला त्यांनी. मग वरच्या मजल्यावरून तक्रार आली, आवाज होतो म्हणे. अगं, आवाजासाठीच तर करतो ना भजन! आता मनातल्या मनात म्हणते."

मावशीने झांजांकडे बघितलं आणि ती निघायला उठली. परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत मला म्हणाली, "माका घर होया, लिफ्ट होयी, सगळा होया. पण मी मनातल्या मनात म्हणूचंय नाय."

मी तिथेच ठरवलं की रडत बसण्यात अर्थ नाही. सड्यावर पावसाने ओला झालेला दगड चमकायला लागला की मी त्यावर राख भुरभुरते. चमक मरते, काम होतं. पण मुंबईत राख कुठून आणायची? सगळीकडे गॅस. मी हे बोलून दाखवलं तर मावशी म्हणाली, "पावडर चालात काय? तोंडाची?"

आम्ही दादरला उतरलो. फुलबाजाराच्या कडेच्या पूजेच्या दुकानातून ओट्यावर खुणा करायला गेरू घेतला, आणि पलीकडून अंगाला लावायच्या पावडरचे डबे. दुकानदाराने विचारलं, एवढी पावडर कोणाला? मावशीने शांतपणे सांगितलं, आमच्या ओट्याला घामोळं आलंय.

लालबाग, शनिवार

खरी लढाई बिल्डरशी नव्हती, सावंतकाकांशी होती. पावडर त्यांनी सहन केली. गेरूचं ऐकल्यावर ते ओट्यासमोर आडवे उभे राहिले.

"नाय म्हणजे नाय. मी हाताने केलंय हे. इथे बाप्पा बसतो. तुम्ही त्याला डाग पाडणार?"

त्यांचं चूक नव्हतं. त्यांनी पाहुणीसाठी जीव ओतून केलेलं काम पाहुणीच खराब करायला निघाली होती. मी शास्त्र समजावलं, ते त्यांनी ऐकूनही घेतलं, आणि पुन्हा म्हणाले, नाय. शेवटी मावशी पुढे झाली.

"सावंतानू, नव्या घराच्या भिंतीर आपण कुंकवाचे हात उठवतो. ती काय घाण आसता?"

काकांनी ओट्याकडे बघितलं. मग बाजूला झाले. तेवढ्यात बायकांनी घरोघरचे रांगोळीचे छापे आणले होते आणि त्या भराभर एकसारखी कमळं उठवायला निघाल्या होत्या. मी पुन्हा ओरडले. एकसारखी कमळं नकोत! संगणकाला या पायरीवरचं कमळ आणि त्या पायरीवरचं कमळ एकच वाटेल, आणि तो दोन्ही पायऱ्या एकावर एक बसवेल. प्रत्येक खूण वेगळी हवी. "मग हातच उठवा," मावशी म्हणाली. "दोन माणसांचे हात सारखे नसतत."

आधी पावडर. गाळणीतून भुरभुरली, फडक्याने थोपटली, सगळा चौक नुकत्याच आंघोळ झालेल्या बाळासारखा वास मारायला लागला. मग परातीत गेरू कालवला आणि चाळ रांगेत आली. जाड हात, सुकलेले हात, बांगड्या मागे सारून उठवलेले हात, बोटं फाकवलेले पोरांचे हात. एक सून आपला नको म्हणाली, ती माहेरी निघाली होती म्हणून. सासूने तिचा हात धरून परातीत घातला. सगळ्यांत शेवटी सावंतकाका आले. त्यांनी सगळ्यांत खालच्या पायरीच्या कोपऱ्यात, कोणाच्या डोळ्यावर येणार नाही अशा ठिकाणी हात उठवला.

मी म्हटलं, "काका, कॅमेऱ्याला तिथलंही दिसतं."

"दिसू दे मग," ते म्हणाले, आणि शेजारी दुसरा हातही उठवला.

मी पुन्हा फेऱ्या घातल्या. उभ्याने, वाकून, स्टुलावर चढून. ओट्याच्या मागे, भिंत आणि नळाच्या पाइपामध्ये एक चिंचोळी फट आहे, तिथे पालथी पडून फोनसकट हात आत घातला. हाताला कोळ्याची जाळी लागली आणि कोपर खरचटलं. माप खरं यावं म्हणून पायरीवर लाकडी मोजपट्टी ठेवली होती, तिचं माप संगणकाला सांगितलं की बाकीची मापं तो त्यावरून काढतो. संध्याकाळी बायकांनी त्याच पावडरच्या ओट्यावर बसून भजन केलं. उठल्या तेव्हा सगळ्यांच्या साड्या मागून पांढऱ्या झाल्या होत्या.

मॉडेल त्या भजनाच्या आवाजातच तयार झालं. या वेळी भोक नव्हतं. ओटा होता. पायऱ्या, दगडाची कड, मांडवाची दोरी बांधायची लोखंडी कडी, पणतीचा कोनाडा, आणि सगळीकडे हातच हात. काकांनी टेप आणून खालच्या ओट्याची लांबी मोजली, मी पडद्यावरच्या ओट्याची. दोन्ही जुळल्या तेव्हा त्यांनी टेप सोडून दिली आणि ती सटकन आत गेली.

लालबाग, रविवार

मीटिंग चौकातच होती. कोणीतरी टीव्ही खाली आणून टेबलावर ठेवला. इंजिनियर तरुण होता, नम्र होता, चहा नको म्हणाला आणि मग दोन कप प्यायला. मी मॉडेल लावलं आणि त्याच्या हातात माउस दिला. त्याने ओटा डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, वरून बघितला. मला वाटलं, झालं.

"छान केलंय," तो म्हणाला. "स्ट्रक्चर आहे हे मान्य. पण नवीन दिसतंय ना. रंग ताजा आहे. आमच्या सर्व्हेनंतर बांधलं असेल तर करारात बसत नाही."

सावंतकाकांचा चेहरा पडला. त्यांचा रंगच आता त्यांच्यावर उलटत होता. मला इतका संताप आला की बोलायला शब्द सुचेनात, आणि ते बरंच झालं, कारण तोंडाऐवजी हात चालला. मी माउस घेतला आणि ओटा पाठमोरा केला. त्या फटीत कोणाचा ब्रश पोचला नव्हता. तिथे चुन्याचे पोपडे होते, एकाखाली एक, निळा, पिवळा, पुन्हा निळा. काळा पडलेला दगड होता. आणि दोन दगडांच्या सांध्यात पिंपळाचं मनगटाएवढं मूळ शिरलं होतं.

"हे मूळ तुमच्या सर्व्हेनंतर वाढलं का?" मी विचारलं.

त्याने खुर्ची टीव्हीजवळ ओढून मूळ बघितलं. "वरिष्ठांना विचारावं लागेल," म्हणाला.

"विचारा," मावशी म्हणाली. ती खुर्चीवरून उठली, तीन पायऱ्या चढली आणि ओट्यावर मांडी घालून बसली. तिच्यामागे मंडळाच्या बाकीच्या बायका चढल्या. मग काका. मग दुधाच्या पिशवीवाले आजोबा, त्यांना दोघांनी हात देऊन वर घेतलं. "तुमच्या कागदावर इथे राडारोडा हाय ना? मग हा बघा राडारोडा. उचला."

इंजिनियर उभा राहिला. त्याला हसावं की घाबरावं कळेना. त्याने नकाशाची गुंडाळी केली आणि नवा काढून आणतो म्हणाला. त्या दिवशी कोणीही सही केली नाही.

मी सोमवारी निघाले. मावशीने मसाल्याचे दोन डबे दिले आणि म्हणाली, तुमच्या बांगड्यात घाल, जरा चव येईल.

कुडाळ

परवा मावशीचा फोन आला. नवा नकाशा आला. त्यात ओटा आहे, पायऱ्या आहेत, माप बरोबर आहे. फक्त खाली लिहिलंय, शोभेचा ओटा, वर बसण्यास मनाई.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? सावंतानी ती ओळ खोडली आणि ब्रशाने मोठ्या अक्षरात लिवलंनी, भजनाचा ओटा. आणि सगळ्यांनी सह्या केल्यो."

"नकाशावर सह्या केल्यात?" माझा आवाज चढला.

"नकाशार नाय गो," मावशी म्हणाली. "त्या दोन शब्दांखाली. बाकीच्यो जागा कोऱ्यो सोडून परत धाडलो. आणि आज शनवार. ठेव फोन, माका भजनाक जावचा आसा."